चंदाची लई आणि नानीबाईची लाळ

चंदा राठोडनं तेवीस वर्षांत किती पोरांना थुंकायला लावलं याची मोजदाद कोणी ठेवली नाही. वऱ्हाडातल्या मालेगावच्या एका ज्युनिअर कॉलेजात ती प्रयोगशाळेची परिचर. शिकवायचं काम सरांचं. चंदानं नळ्या धुवायच्या, बरण्या पुसायच्या, गॅसची शेगडी पेटवायची, मेलेल्या बेडकाच्या जागी आता प्लास्टिकचा बेडूक आला त्याच्यावरची धूळ झटकायची. पण दरसाल एक प्रयोग असा येई की त्या दिवशी वर्गाची मालकीण तीच.

पिठाचं पातळ पाणी करायचं. त्यात आयोडीनचा थेंब टाकला की पाणी गडद निळं होतं. मग पोरांनी त्यात आपली लाळ मिसळायची आणि वाट बघायची. पोरी ओढणीआड जात, पोरं एकमेकांना कोपरानं ढोसत. चंदा कमरेवर हात ठेवून उभी राही.

"लाजता कायले? सडकेवर तर पचापचा थुंकता. इथी मार्क भेटून राह्यले तं तोंड कोरडं पडलं?"

मग हळूहळू निळं उतरायचं. जांभळं, तांबूस, पिवळट आणि शेवटी काहीच नाही. नळीत नुसता उजेड मागं राहायचा. लाळेत एक एन्झाइम असतं, ते पिठाला कापून कापून साखर करून टाकतं, हे सर फळ्यावर लिहीत. चंदाला फळ्याची गरज नव्हती. निळं जाताना ती दर वेळी पहिल्यांदा बघितल्यासारखी बघे, आणि नळी धुवायला घेताना तिला उगीच हसू येई.

या बाईच्या घरी मात्र पिठानंच तेवीस वर्षं सूड धरला होता.

गावापासून मोटारसायकलनं वीस मिनिटांवर तिचा तांडा. घर स्लॅबचं, दारात नवरा किशनचा मालवाहू ऑटो, आणि आतल्या भिंतीवर खिळ्याला टांगलेली एक प्लायवूडची फळी. त्या फळीवर फुलिया चिकटवलेली. पूर्वी तांड्याच्या बाया डोक्यावर घागर घेत तेव्हा घागरीखालच्या चुंबळीपासून पाठीवर सोडायचं भरतकामाचं कापड, ते म्हणजे फुलिया. लाल जाड सूत, त्यावर पांढरे-पिवळे टाके इतके दाट की मधे मुंगीला पाय ठेवायला जागा नाही. काठानं कवड्या, मधे आरसे, खाली लोकरीचे गोंडे. सासूच्या, म्हणजे नानीबाईच्या, आईनं ती भरली होती, आणि तिनंही म्हणे निम्मी आपल्या आईची उसवून घेतलेली. शंभर वर्षांचं कापड सहज.

ते फळीवर चिकटवलं चंदानं. नोकरीचं पहिलंच वर्ष होतं, पोटात रेणू होती, आणि कॉलेजात प्रदर्शन भरलं, 'आपली संस्कृती' नावाचं. चंदानं सासूच्या पेटीतून फुलिया काढली आणि पचनसंस्थेचा तक्ता जसा चिकटवायचा तशी चिकटवली. गव्हाच्या पिठाची लई, म्हणजे शिजवलेली खळ, वर कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद, आणि तळहातानं दाब देऊन देऊन बसवली. पहिला नंबर आला. ढाल घेऊन ती नाचत घरी आली, आणि नानीबाईनं ढालीकडं न बघता फळीकडं बघितलं.

"काढ."

किशननं कोपरा धरून ओढला. टर्रकन आवाज झाला, तीन कवड्या जमिनीवर उडाल्या. नानीबाईनं एवढ्या जोरानं "थांब!" म्हटलं की शेजारची बकरी दोरी तोडून पळाली. त्या दिवसापासून फळी भिंतीवर. पेटीतल्या गोधड्या कसरीनं खाल्ल्या. मोरचुदामुळं फुलियेला कशानंच तोंड लावलं नाही. फक्त लईचे तपकिरी, हिरवट डाग कापडातून वर येत राहिले, जुन्या दुखण्यासारखे.

या घरात एरवी गोरमाटी, म्हणजे बंजाऱ्यांची बोली, बोलत. भांडण मात्र वऱ्हाडीत होई, म्हणजे शेजारच्या गावातून आलेल्यालाही कळावं. आणि नानीबाईचं भांडण रोज सकाळी चहाच्या आधी फळीपाशी सुरू होई. "नातीच्या डोस्क्यावर काय पाट ठेवू काय मी?" हे वाक्य रेणू जन्माला यायच्या आधीपासून चालत आलेलं.

आता रेणूचं लग्न ठरलं. नवरा मुलगा विनोद, कारंजा तालुक्यातल्या धनजकडच्या तांड्यातला, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारा. सुपारी फुटली, गूळ वाटला, आणि गूळ तोंडात असतानाच नानीबाईनं सांगून टाकलं.

"फुलिया डोक्यावर नाई, तं ढावलो नाई."

ढावलो म्हणजे पोरगी सासरी निघताना म्हणायचं रडगाणं. एकेकाच्या गळ्यात पडून, एकेकाचं नाव घेऊन. अख्खा ढावलो येणारी तांड्यात नानीबाई एकटीच उरली होती. ती म्हणेल तसं नवरीनं मागून म्हणायचं. ती नाही म्हणाली तर रेणू मुक्यानं निघणार, एसटीत बसावं तशी.

"आजी, मोबाईलवर लावू ना," रेणू म्हणाली.

"मोबाईलच्या गळ्यात पडून रडजो मंग."

चंदा त्या दिवशी जेवली नाही. तिच्या हातानं बसलेलं कापड तिच्याच हातानं सुटायला हवं होतं, आणि लग्नाला वीस दिवस.

दुसऱ्या दिवशी ती कॉलेजात गेली. सुट्ट्या लागल्या होत्या. माणिकराव सर पेपर तपासत बसले होते. चंदानं कपाट उघडून एन्झाइमची बाटली काढली. पिठाचं पाणी केलं, आयोडीन टाकलं, बाटलीतली पूड टाकली, आणि अर्धा तास बघत बसली. निळं ते निळंच. बाटलीवरची तारीख दहा वर्षांपूर्वीची होती.

"मेलं ते," सर म्हणाले. "नवीन मागवायला जूननंतरच. पण चंदाताई, ताजं एन्झाइम तुमच्याजवळ आहे की."

"कोठी?"

सरांनी आपल्या गालावर टिचकी मारली. "मी वाचलंय. मोठमोठ्या संग्रहालयांत जुन्या चित्रांवरचा, कापडांवरचा डाग काढायला अजूनही कापूस थुंकीत भिजवतात. घासायचं नाही. नुसतं टेकवायचं, वाट बघायची, मग साध्या पाण्यानं टिपून घ्यायचं. गरम पाणी लावाल तर रंग जाईल आणि एन्झाइमही मरेल. सदतीस अंश पुरे."

"सदतीस?" चंदा हसायला लागली. खिडकीबाहेर मे महिना उभा होता. "सर, सदतीस तं आमच्या माठातल्या पाण्याले हाय."

घरी येताना तिनं हे हौसाबाईला सांगितलं. हौसाबाईचा रस्त्यालगत भाजीचा मळा. तिची वांगी-पपया किशनच बाजारात नेई. हौसाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "थुंकता कायले वं? कच्च्या पपईचा चीक लाव. बुढ्या बोकडाचं मटण सुटते, तुहं कापड नाई सुटणार?"

"पपई मटणच खाते, हौसामाय. पिठाले हात लावत नाई. अन् गोंडे लोकरीचे हायेत, लोकर म्हणजे मेंढीच. तुमची पपई लई सोडून गोंडे खाईन."

"म्हणजे पपई पक्की मटणवाली अन् थुंकी शाकाहारी?"

"तसंच समजा."

हौसाबाई इतकी हसली की तिला बांधावर बसावं लागलं. सांजेपर्यंत ही गोष्ट तिच्या तोंडून आठ गावांत पोचली.

मग आली खरी अडचण. तांड्यात तोंडं पुष्कळ, पण स्वच्छ तोंड मिळेना. कारण खर्रा. सुपारी-तंबाखू-चुना पन्नीत घोटून घोटून खाणारी तोंडं, एकेकाची थुंकी म्हणजे काताचा रंग. किशन स्वतःहून पुढं आला, छाती काढून.

"माह्या पोरीचं लग्न हाय. मी देतो."

"तुमी लांब व्हा," चंदा म्हणाली. "तुमचा एक थेंब पडला तं तो डाग काढायले दुसरा जन्म घ्या लागन."

शोधता शोधता नऊ तोंडं निघाली. पाच बाया, तीन कॉलेजची पोरं, आणि एक मुका म्हातारा ज्यानं चाळीस वर्षांपूर्वी नवस करून तंबाखू सोडली होती. नऊतलं सगळ्यात जोरकस कुठलं हे बघायला चंदानं अंगणात बाजेवर नऊ नळ्या मांडल्या, नऊही नळ्यांत निळं पाणी. तांड्याचा नायक हेमसिंग, खर्ऱ्याचा चाळीस वर्षांचा भक्त, त्याला पंच नेमलं. तो मोबाईलवर वेळ लावून तोंड घट्ट मिटून बसला. चिल्ली-पिल्ली बाजेला लोंबकळली. बाया आपापल्या नळीला हाका मारू लागल्या.

"उतर वं निळ्ये, उतर!"

"मायी पाय, जांभळी झाली!"

"जांभळी होऊन काय उपयोग, मरगळली हाय ते."

अशा ऐन रंगात फाटकाशी मोटारसायकल थांबली. विनोद. नवा शर्ट, डोळ्याला काळा चष्मा, हातात लग्नपत्रिकांचा गठ्ठा. अंगणातली चाळीस डोकी त्याच्याकडं वळली, आणि कोणाच्या तरी मनात आलं ते सगळ्यांच्याच मनात आलं.

"जवाई खर्रा खातात का?" हेमसिंगनं तोंडातल्या तोंडात विचारलं.

"नाई जी. सुपारीसुद्धा नाई."

"मंग थुंका."

विनोदनं चष्मा काढला. दहावी नळी त्याच्या हातात आलेली. त्यानं सासूकडं बघितलं; सासू गंभीर. रेणू दाराआड तोंडात पदर कोंबून भिंतीला टेकलेली.

"आमच्या तांड्यात असा रिवाज नाई," तो बारीक आवाजात म्हणाला.

"इथी हाय. आजपासून."

बिचारा पाठ फिरवून थुंकला. एक मिनिट पन्नास सेकंदांत नळी पाण्यासारखी स्वच्छ. अंगणात अशी आरोळी उठली की रस्त्यावरची बस हळू झाली. पोरांनी जावयाला खांद्यावर उचललं, कोणी हलगी काढली, हेमसिंगनं आनंदाच्या भरात तोंड उघडलं आणि स्वतःचाच शर्ट खराब करून घेतला. चंदाचे पाय जमिनीवर नव्हते. तिनं कापूस घेतला, फळी खाली उतरवली.

"हात लावू नोको."

बाजेच्या पलीकडं, पाठ करून बसलेली नानीबाई उठली होती.

"ते कापड नाई. माह्या मायचं डोस्कं हाय ते. जवायाचं उष्टं आपण पाण्याले लावत नाई, अन् तुमी मायच्या डोक्याले लावता? कोणाची बी थुंकी? तमाशा हाय का?"

हलगी थांबली. विनोदला हळूच खाली ठेवण्यात आलं. माणसं एकेक करून चपला शोधू लागली. उष्ट्याचं कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. चंदाच्याही नाही. प्रयोगवहीत लाळेला जात-गोत नसतं. तिनं तेवीस वर्षं अठरापगड पोरांची लाळ एकाच मोरीत ओतली होती. पण सासूचं बोलणं खोटं आहे असंही तिला म्हणवेना. ती मोरीवर नळ्या धुवत बसली. हात चालत होते आणि आत सगळं थांबलं होतं.

बऱ्याच वेळानं मागं काठीचा आवाज झाला.

"हे तुहं काय होते थुंकीनं?"

"पिठाची साखर होते, याडी." याडी म्हणजे आई, सासूला ती तेच म्हणे. "भाकर लय वेळ चावली की गोड लागते ना? तेच."

नानीबाई उंबऱ्यावर बसली. मोरीतलं पाणी वाहून जाताना बघत राहिली.

"मी लहान असतानी माय सडकेच्या कामावर होती. दूध नोतं. मले दात नोते. ते भाकर चावे अन् माह्या तोंडात दे. गोड लागे, म्हणत." तिनं काठी उंबऱ्याला टेकवून ठेवली. "तिच्या तोंडातलं माह्या तोंडात गेलं, ते उष्टं झालं नाई. मंग माह्या तोंडातलं तिले उष्टं कसं होईन?"

चंदानं हातातली नळी बाजूला ठेवली.

"नाई होणार, याडी."

"मंग आण तुही नळी. पण मुंडकं तिकडे कर. मी कोणापुढे थुंकत नाई."

नानीबाईच्या नळीला साडेचार मिनिटं लागली. जावयाच्या मानानं ढिली, पण शेवटी नितळ. "बुढी गाडी हाय, घाटात हळूच चढन," असं म्हणून ती स्वतःच हसली. चंदानं सासूला हसताना इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिलं. समोरचे तीन दात तिला नव्यानं कळले.

काम सुरू झालं. नानीबाईनं सकाळी चूळ भरायची, भाकरीनंतर पुन्हा भरायची. मग चिंचेचं बुटूक नाकासमोर धरायचं, की तोंडाला पाणी सुटे. कापसाचे बोळे वाटीतल्या त्या पाण्यात भिजवून चंदा फळीच्या काठाशी कापड आणि लाकूड यांच्या मधे टेकवून ठेवी. पाऊण तास. मग बोथट सुरीनं अलगद उचलून बघायचं. पहिल्या दिवशी दोन बोटं सुटलं. नानीबाईला वाटलं, थेट जीभच लावावी, लवकर होईल. चंदानं तिचं मनगट धरलं.

"मोरचूद हाय त्यात. जहर हाय ते. कापूसच लावा लागते."

आणि एक नियम होता, तो सगळ्यात अवघड. बोललं की तोंड कोरडं पडतं. म्हणून सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच नानीबाईनं बोलायचं नाही.

पहिल्या दिवशी घराचा विश्वास बसेना. किशन दोनदा आत येऊन आई श्वास घेते का बघून गेला. दुसऱ्या दिवशी शेजारणी मुद्दाम बघायला आल्या, जसं कोणी नवी गाय बघायला येतं. तिसऱ्या दिवशी हौसाबाई मळ्यातून वांगी घेऊन आली आणि नानीबाईसमोर बसून एक तास तिच्यावरच बोलत राहिली, आजवर बोलायची हिंमत झाली नव्हती ते सगळं. नानीबाई ऐकत होती, गाल फुगलेले, डोळे निखारे, वाटीत थेंब थेंब. रागानं पाणी जास्त सुटतं असा शोध चंदानं त्या दिवशी लावला आणि हौसाबाईला रोज यायला सांगितलं.

शिव्या बंद पडल्या नाहीत, हाताला आल्या. एक टाळी म्हणजे चहा. दोन टाळ्या म्हणजे चहा असा करतात का. काठी आपटली की किशन, आणि काठी दोनदा आपटून आकाशाकडं बोट केलं की किशनचा बाप, जो वर बसून हे सगळं बघतोय. रेणूकडं मात्र कसलीच खूण न करता नुसती बघत राही. ते सगळ्यात जड होतं.

पाचव्या दिवशी काम अडलं. मधला भाग सुटेना. चंदा टिपलेल्या कापसावर आयोडीनचा थेंब टाकून बघे, फुलियेवर नव्हे, नुसत्या त्या कापसावर. निळं. सहाव्या दिवशीही निळं. मोरचूद थुंकीला काम करू देत नव्हतं. साध्या पाण्यानं आधी टिपून, मग कापूस, मग पुन्हा पाणी, असं करत करत ती सरकत होती, नखाएवढी, तांदळाएवढी. अंगणात पारा त्रेचाळीसवर. घामाचा थेंब कापडावर पडू नये म्हणून तिनं कपाळाला किशनचा गमछा बांधलेला. त्या दिवसांत तिला एक विचित्र गोष्ट जाणवली. सकाळचा चहा बेचव लागत होता. तेवीस वर्षं ज्या आवाजाला ती वैतागली होती, तो नसताना घर उगाच मोठं वाटत होतं, आणि तिची पावलं तिलाच ऐकू येत होती.

आठव्या दिवशी कापूस जांभळा. नवव्या दिवशी तांबूस. दहाव्या दिवशी रेणू ओरडत अंगणात पळाली, "पिवळा! पिवळा!" आणि रस्त्यानं जाणारा कुल्फीवाला थांबला. त्याला वाटलं, कुल्फीचा रंग सांगून राह्यली.

अकराव्या दिवशी दुपारी चंदानं सुरी सरकवली आणि सुरीला काहीच लागलं नाही. फुलिया नुसती फळीवर टेकलेली होती. चंदानं दोन्ही हातांनी ती उचलली. तेवीस वर्षांनी कापडाच्या पाठीला हवा लागली. कवड्या एकमेकींवर वाजल्या, अगदी बारीक, जागं होताना माणूस हुंकारतो तशा. मग तिनं ती उलटी केली आणि तिचं तोंड उतरलं.

तपकिरी डाग गेले होते. पण मधोमध, लाल सुतात, एक फिकट हिरवा पंजा उमटलेला होता. पाच बोटं, तळहात. लई दाबून बसवताना मोरचूद जिथं जास्त बसलं तिथं. तिचाच हात, बावीस वर्षांच्या पोरीचा, आताच्या हातापेक्षा लहान.

"हे नाई गेलं, याडी," ती म्हणाली. "आणखी चार दिवस द्या. काढतो मी."

पाच वाजायला अजून दोन तास होते. नानीबाईनं वाटी बाजूला ठेवली. कापड हातात घेतलं, पंजावर आपला हात ठेवून बघितला, आणि अकरा दिवसांत पहिल्यांदा नियम मोडून बोलली.

"राहू दे. पोलीस बी ठेवतात, गुन्हेगाराचा पंजा."

किशन आधी हसला, मग रेणू, मग चंदा. हसता हसता चंदा खाली बसली, आणि ते हसू कधी दुसरंच काही झालं तिला कळलं नाही. नानीबाई तिच्या पाठीवर काठीनं हळू हळू ठोकत राहिली, जसं ठसका लागलेल्या पोराला ठोकतात.

लग्न झालं. निघायच्या वेळी रेणूच्या डोक्यावर चुंबळ ठेवली, चुंबळीखालून फुलिया पाठीवर सोडली. मांडवातल्या बाया पंजाकडं बोटं दाखवून एकमेकींना गोष्ट सांगत होत्या, आणि विनोद कोणी बघत नाही असं पाहून रुमालानं तोंड पुसत होता. वऱ्हाडाची गाडी सुरू करून ड्रायव्हर बसलेला. धनजपर्यंत जायचं, ऊन चढायच्या आत.

नानीबाई पुढं आली. नातीच्या गळ्यात हात टाकला, डोळे मिटले आणि आवाज लावला.

तो आवाज म्हातारा होता, पण मागं अकरा दिवस तुंबलेला. आधी तिनं पणजीला हाक मारली, मग सडकेला, मग त्या चावलेल्या भाकरीला. मग एकेक नातलग. रेणू मागून म्हणत होती, रडत होती, मधेच हसत होती. काकाचं नाव आलं, मामाचं आलं. हौसाबाई माळीण, तांड्याची कोणी नव्हे, तिचंही आलं आणि तिनं वांग्याच्या टोपलीतच तोंड लपवलं. हेमसिंगच्या खर्ऱ्याला एक कडवं मिळालं. किशनला दोन. मग चंदा. चंदाच्या नावावर सूर लांबला. प्रदर्शन आलं, ढाल आली, लई आली, मोरचूद आलं, तेवीस वर्षांच्या सगळ्या सकाळी आल्या, एकही न गाळता, आणि सगळं चालीत. चंदा सासूच्या गळ्यात पडून ऐकत होती. इतकं सविस्तर तिच्यावर आजवर कोणी गायलं नव्हतं.

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. नानीबाईनं डोळे न उघडता त्यालाही एका ओळीत घेतलं. पुन्हा हॉर्न वाजला नाही. कोणी पाणी पुढं केलं, तिनं हातानं सारलं. उन्हं माथ्यावर आली, आणि आता कुठं जावयाच्या बाजूची माणसं सुरू होत होती. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, किल्ली खिशात टाकली, आणि चपला काढून मांडवाच्या कडेला बसला.